मैदान ओस पडते ते कोणामुळे?

इंग्लंडात हिवाळ्यातील शनिवारी दुपारी तीन वाजता गावोगावच्या मैदानांवर फुटबॉलचे सामने सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. पुण्यातील किंवा नागपुरातील एखादा विद्यार्थी वर्गणी भरून त्या वेळी प्रीमियर लीगचा सामना आपल्या मोबाइलवर सुखेनैव पाहू शकतो. परंतु त्याच मैदानापासून दोन मैलांवर राहणाऱ्या इंग्रज नागरिकाला, पैसे मोजण्याची तयारी असूनही, तो सामना कायदेशीर मार्गाने घरबसल्या पाहता येत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे सामने थेट दाखवायचे नाहीत, असा निर्बंध तेथे आहे आणि तो इंटरनेटच्या युगातही टिकून आहे. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला जे खुले ते शेजाऱ्याला बंद, असा हा चमत्कारिक न्याय आहे.

या निर्बंधामागील युक्तिवाद साधा आहे. मोठ्या क्लबाचा सामना घरात बसून पाहायला मिळाला, तर माणूस आपल्या गावच्या लहान क्लबाच्या मैदानावर जाणार नाही. तिकीटविक्री घटेल आणि त्या उत्पन्नावर जगणारे लहान क्लब बुडतील. हा युक्तिवाद साठ वर्षांहून जुना असला, तरी आज त्याला नवी धार आली आहे. पूर्वी दूरचित्रवाणीच्या वाहिन्या मोजक्या होत्या आणि किती सामने दाखवावेत याला आपोआपच मर्यादा पडत असे. ज्याला आता सर्वत्र ‘लाइव्ह स्ट्रीमिंग’ म्हणतात, त्या इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाने ही मर्यादा नाहीशी केली. एखाददुसरा कॅमेरा, एक समालोचक आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या सामग्रीवर चौथ्या श्रेणीतील सामनाही जगभर पाठविता येतो. तेव्हा असे प्रक्षेपण मैदानावरचा प्रेक्षक पळविते काय, हा प्रश्न केवळ क्लबांच्या हिशेबनिसांचा राहिलेला नाही. शंभर-सव्वाशे वर्षे दर पंधरवड्याला गावाला एका जागी आणणाऱ्या संस्था टिकणार की नाहीत, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

एका खाटकाचा आग्रह

या वादाचा इतिहास बोधप्रद आहे. १० सप्टेंबर १९६० रोजी ब्लॅकपूल आणि बोल्टन यांच्यातील लीग सामना थेट दाखविण्याचा प्रयोग आयटीव्ही या वाहिनीने केला. सामना नीरस झाला. ज्याला पाहण्यासाठी लोक उत्सुक होते तो स्टॅन्ली मॅथ्यूज दुखापतीमुळे खेळलाच नाही आणि एकमेव गोलावर बोल्टनने विजय मिळविला. त्यानंतर आर्सेनल आणि टॉटनहॅम या लंडनच्या क्लबांनी कॅमेऱ्यांना दार बंद केले व ती योजना बारगळली. पुढे १९६४ साली बीबीसीने सामन्यांतील निवडक भाग रात्री दाखविण्यास प्रारंभ केला, तेव्हा बर्नली क्लबाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी त्यालाही विरोध केला. लॉर्ड हे व्यवसायाने खाटीक, स्वभावाने हेकट आणि बोलण्यात फटकळ. आपल्या मैदानावर त्यांनी बीबीसीच्या कॅमेऱ्यांना काही वर्षे प्रवेश दिला नाही. शनिवारी दुपारी थेट प्रक्षेपण असू नये हा त्यांचाच आग्रह, आणि इतर क्लबांनी तो मान्य केला. पुढे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या नियमांनी राष्ट्रीय संघटनांना आठवड्यातील अडीच तास असे राखून ठेवण्याची मुभा दिली. इंग्लंडने शनिवारची दुपार निवडली.

लॉर्ड यांची चेष्टा करणे सोपे आहे. पण ते ज्या गावाच्या वतीने बोलत होते ते लक्षात घेतले पाहिजे. बर्नली हे लँकेशायरमधील सुमारे ऐंशी हजार वस्तीचे कापडगिरण्यांचे गाव. १९५९-६० च्या मोसमात या गावाच्या संघाने इंग्लंडचे विजेतेपद मिळविले होते. गिरण्या मोडकळीस येत होत्या आणि मँचेस्टर व लिव्हरपूल ही बलाढ्य शहरे जवळ होती. या शहरांतील संघ दर शनिवारी घरात दिसू लागले, तर गावातील पोरे उद्या बर्नलीच्या नावाने ओरडतील काय, ही त्यांची धास्ती होती. तिला स्वार्थ म्हणता येईल. परंतु ती निराधार होती असे म्हणता येणार नाही.

आकडे काय सांगतात?

दूरचित्रवाणीमुळे मैदाने ओस पडतात हे मत इंग्लंडात इतक्या वेळा उच्चारले गेले, की त्याला सिद्धान्ताचे रूप आले. आकडे मात्र या सिद्धान्ताला फारसे अनुकूल नाहीत. दुसरे महायुद्ध संपल्यावर मनोरंजनाला आसुसलेले लोक मैदानांकडे लोटले आणि १९४८-४९ च्या मोसमात लीगच्या सामन्यांना ४ कोटी १२ लाखांवर प्रेक्षक आले. हा उच्चांक आजवर मोडला गेलेला नाही. त्यानंतर घसरण सुरू झाली ती १९६० पर्यंत, म्हणजे लीगचा एकही सामना थेट दाखविला जाण्यापूर्वीच, ठळकपणे दिसू लागली होती. पुढे १९८३ पर्यंत थेट प्रक्षेपणाला दारे बंद होती. तरीही गर्दी ओसरतच राहिली. दार बंद असताना चोरी होत राहिली, तर संशय बाहेरच्यावर घेण्याआधी घरात शोध घ्यावा लागतो.

सर्वांत उद्बोधक आहे तो १९८५-८६ चा मोसम. पैशाच्या देवघेवीवरून क्लब आणि वाहिन्या यांच्यात बेबनाव झाला व १९८५ च्या ऑगस्टपासून वर्षाअखेरपर्यंत दूरचित्रवाणीवर फुटबॉल दिसलाच नाही. प्रक्षेपण हेच दुखण्याचे मूळ असते, तर त्या महिन्यांत मैदाने फुलून जायला हवी होती. प्रत्यक्षात त्या मोसमात प्रेक्षकांची एकूण संख्या १ कोटी ६५ लाखांपर्यंत उतरली. युद्धोत्तर काळातील हा नीचांक होय. याची कारणे पडद्यावर नव्हती, मैदानावर होती. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लाकडी प्रेक्षागृहाला आग लागून ५६ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर प्रेक्षकांच्या दंगलीत भिंत कोसळून ३९ जण गेले. गुंडगिरी, मोडकी प्रेक्षागृहे, गलिच्छ प्रसाधनगृहे आणि औद्योगिक गावांतील बेकारी यांनी कुटुंबवत्सल माणसाला मैदानापासून दूर लोटले होते. एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तिच्या बळींची संख्या अखेरीस ९७ झाली. तेव्हा कोठे सरकारला जाग आली. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर वरच्या श्रेणींतील मैदानांवर प्रत्येकाला बसण्याची जागा देणे बंधनकारक झाले.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाली आणि उपग्रह वाहिनीवर थेट प्रक्षेपणाचा पूर आला. पहिल्या मोसमात एका सामन्याला सरासरी एकवीस हजार प्रेक्षक होते. आता ही सरासरी चाळीस हजारांच्या घरात आहे. त्याखालच्या तीन श्रेणींतील सामन्यांनाही अलीकडच्या मोसमांत मिळून दोन कोटींहून अधिक लोक येतात. म्हणजे प्रक्षेपण वाढत गेले तशी गर्दीही वाढत गेली. इटलीतही हाच अनुभव आहे. तेथे २०२१ पासून पहिल्या श्रेणीतील सर्व सामने इंटरनेटवरून दाखविले जातात आणि त्यानंतरच्या मोसमांत मैदानांवरील गर्दी वाढली आहे. अमेरिकेतील मेजर लीग सॉकरने २०२३ पासून आपले सामने एकाच कंपनीच्या इंटरनेट सेवेकडे सोपविले. त्या आणि पुढच्या वर्षी तेथील गर्दीने पूर्वीचे विक्रम मोडले. अर्थात २०२३ च्या जुलैत लिओनेल मेस्सी तेथे दाखल झाला, हेही विसरता येत नाही.

दोन निराळे परिणाम

एवढ्यावरून प्रक्षेपण निरुपद्रवी आहे असा निकाल देणे मात्र घाईचे होईल. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एकीने दुसरीला अपाय केला नाही असे सिद्ध होत नाही. प्रक्षेपणाच्या पैशातून मैदाने सुधारली, नामवंत खेळाडू आले आणि त्यांना पाहायला लोक आले, असाही क्रम असू शकतो. शिवाय मोठ्या क्लबांची मैदाने काठोकाठ भरलेली असतात व तिकिटांसाठी प्रतीक्षायाद्या असतात. चार माणसे घरी राहिली तरी त्यांच्या जागा इतर चौघे घेतात. तोटा झाला असला तरी तो दिसत नाही. खरी कसोटी लागते ती जेथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात तेथे.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला आहे आणि त्यांचे निष्कर्ष वादातील दोन्ही पक्षांना विचार करायला लावणारे आहेत. डेव्हिड फॉरेस्ट, रॉबर्ट सिमन्स आणि स्टीफन शिमान्स्की यांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की प्रीमियर लीगमध्ये सामना थेट दाखविल्याने मैदानावरील गर्दीवर होणारा परिणाम अल्प आहे व प्रक्षेपणातून मिळणाऱ्या रकमेपुढे तो नगण्य ठरतो. बाबातुंडे बुराइमो यांनी दुसऱ्या श्रेणीतील सामन्यांचा अभ्यास केला, तेव्हा तेथे मात्र गर्दी घटते असे आढळले. आणि फॉरेस्ट व सिमन्स यांच्याच २००६ च्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आठवड्याच्या मधल्या रात्री युरोपीय चँपियन्स लीगचा सामना दूरचित्रवाणीवर चालू असला, की त्याच रात्री खेळणाऱ्या खालच्या श्रेणीतील क्लबांची गर्दी कमी होते.

या निष्कर्षांतून एक भेद स्पष्ट होतो आणि साऱ्या वादाचे मर्म त्यात आहे. एखाद्या क्लबाचा सामना दाखविल्याने त्याच क्लबाचे प्रेक्षक घरी बसतात काय, हा एक प्रश्न. बलाढ्य क्लबाचा सामना दाखविल्याने दुर्बळ क्लबाचे प्रेक्षक घरी बसतात काय, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर बहुतांशी ‘फारसे नाही’ असे आहे. ज्याला आपल्या गावच्या संघाचा लळा आहे, तो पाऊस असो वा पराभव असो, जायचा तेथे जातोच. आणि जो आजारी आहे, म्हातारा झाला आहे किंवा पोटासाठी परदेशी गेला आहे, त्याला घरी सामना दाखविल्याने तिकीट कमी होत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘होय’ असे आहे. लहान क्लबाचा शत्रू त्याचे स्वतःचे प्रक्षेपण नसून मोठ्या क्लबाचे प्रक्षेपण होय. बॉब लॉर्ड यांना ज्याची भीती वाटत होती तो हा मत्स्यन्याय आहे. कॅमेऱ्यावर राग धरण्यात त्यांची चूक झाली असेल. पण मोठा मासा कोणता हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

पैसा कोणाच्या हाती?

इंग्लंडातील खालच्या तीन श्रेणींच्या लीगने २०१७ मध्ये इंटरनेटवरून सामने दाखविण्याची आपली सेवा सुरू केली. प्रथम ती परदेशस्थ चाहत्यांसाठी होती. पुढच्या मोसमात आठवड्याच्या मधले काही सामने देशातही पाहता येऊ लागले आणि लहान क्लबांनी ओरड सुरू केली. त्यांचे म्हणणे वाजवी होते. मोठ्या शहरातील क्लब लहान गावी खेळायला येतो, तेव्हा त्याच्यामागे हजार-दोन हजार चाहते येतात; ते यजमान क्लबाची तिकिटे घेतात आणि गावात चहा-बिअरवर पैसे खर्च करतात. तेच चाहते दहा पौंड भरून घरी सामना पाहू लागले आणि ते दहा पौंड पाहुण्या क्लबाच्या तिजोरीत गेले, तर यजमानाच्या हाती काय राहिले? म्हणजे येथेही प्रक्षेपणापेक्षा त्याच्या उत्पन्नाची वाटणी हाच भांडणाचा विषय होता. ज्याच्या मैदानावर खेळ होतो त्याला त्या खेळाचे मोल मिळाले पाहिजे, एवढे साधे तत्त्व पाळले असते तर हा तंटा झालाच नसता.

करोनाच्या साथीने या विषयावर एक अनपेक्षित प्रयोग घडवून आणला. जून २०२० मध्ये प्रीमियर लीग पुन्हा सुरू झाली ती रिकाम्या मैदानांवर, आणि उरलेले सर्व ९२ सामने थेट दाखविले गेले. त्या दिवसांत ज्यांनी सामने पाहिले त्यांना तो अनुभव आठवत असेल. खेळाडू तेच, चेंडू तोच, पण खेळात प्राण नव्हता. शेवटी वाहिन्यांनी ध्वनिमुद्रित आरोळ्या ऐकविण्यास सुरुवात केली! मैदानावरचा प्रेक्षक हा केवळ गिऱ्हाईक नसून खेळाचाच एक भाग आहे, हे त्या कृत्रिम आरोळ्यांनी सिद्ध केले. बुराइमो यांच्या अभ्यासातही हेच आले आहे, की मैदान भरलेले असले म्हणजे घरी सामना पाहणाऱ्यांची संख्याही वाढते. तेव्हा जी वाहिनी मैदान रिकामे करील ती आपल्याच मालाची किंमत पाडील.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात प्रीमियर लीगने एकेका सामन्यासाठी १४ पौंड ९५ पेन्स आकारण्याची टूम काढली. टाळेबंदीने पिचलेले चाहते संतापले. न्यूकॅसलसारख्या शहरांतील चाहत्यांनी सामन्यावर बहिष्कार घालून ती रक्कम गरिबांना अन्न पुरविणाऱ्या संस्थांना दिली. महिनाभरात ही योजना गुंडाळावी लागली. फुटबॉलचा चाहता सोशिक खरा, पण तो मूर्ख नाही, हा धडा लीगला मिळाला.

प्रेक्षक दुरावतो कशाने?

मग मैदानावरचा प्रेक्षक दुरावतो तो कशाने? अनुभव असा, की त्याला दोन गोष्टी दूर ठेवतात: गैरसोयीची वेळ आणि न परवडणारे तिकीट. प्रक्षेपणाचा दोष यात आहे, परंतु तो आडवाटेने येतो. वाहिनीला सोमवारी रात्री किंवा रविवारी दुपारी बारा वाजता सामना हवा असतो, म्हणून तो त्या वेळी खेळविला जातो. आणि तीनशे मैलांवरून येणाऱ्या चाहत्याला परतीची गाडी मिळत नाही. प्रीमियर लीगच्या १९९३-९४ च्या मोसमाचा जो अभ्यास झाला, त्यात रविवारी दाखविलेल्या सामन्यांच्या गर्दीत फरक आढळला नाही. सोमवारी रात्री दाखविलेल्या सामन्यांची गर्दी मात्र लक्षणीय घटली होती. प्रक्षेपण दोन्ही दिवशी होते. फरक दिवसाचा होता.

जर्मनीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बुंडेसलिगाचे सामने शनिवारी दुपारी वर्गणीदारांना घरी पाहता येतात. इंग्लंडसारखा पडदा तेथे नाही. तरीही प्रेक्षकांच्या सरासरीत ती लीग जगात अग्रभागी आहे. उभे राहून सामना पाहण्याची स्वस्त जागा तेथे राखून ठेवली आहे आणि क्लबाच्या कारभारात सभासदांच्या मताला बहुमताचे वजन राहील असा नियम आहे. सोमवारच्या सामन्यांविरुद्ध चाहत्यांनी मैदानावरच निदर्शने केली आणि २०२१-२२ पासून पहिल्या श्रेणीतील ते सामने बंद करण्यात आले. इंग्लंडातही चाहत्यांच्या संघटनांनी लढा दिल्यावर २०१६ पासून पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरली. ज्या क्लबांना प्रक्षेपणातून कोट्यवधी पौंड मिळतात आणि ज्यांच्या उत्पन्नात तिकिटांचा वाटा सुमारे सातवा हिस्सा आहे, त्यांनी तिकिटे महाग ठेवावीत आणि गर्दीच्या काळजीचे सोंग आणावे, हे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ यातलेच आहे.

आपल्याकडचे चित्र

इंग्लंडातील लहान क्लबाला मँचेस्टरचा धाक आहे. आपल्याकडे साऱ्या देशाच्या फुटबॉलचीच जवळपास ती अवस्था झाली आहे, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकासाठी मुंबईच्या कूपरेजवर एके काळी गर्दी लोटत असे. १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकाचे सामने दूरदर्शनने घरोघर पोचविले आणि एका पिढीला माराडोनाने वेड लावले. पुढे केबल आली, इंग्लंड-स्पेनच्या लीग आल्या. ज्या तरुणाला आर्सेनलच्या राखीव खेळाडूंची नावे पाठ आहेत, त्याला आपल्या जिल्ह्याचा संघ आहे की नाही हेही ठाऊक नसते. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. अर्थात केवळ पडद्याला दोष देणे येथेही अन्यायाचे होईल. ज्या गिरण्यांनी आणि कंपन्यांनी मुंबईत संघ पोसले त्यांतील अनेकांनी ते मोडले, मैदाने आक्रसली आणि स्पर्धांचे वेळापत्रक विस्कटत गेले. परक्या खेळाच्या आकर्षणाने घर फोडले खरे, पण घराच्या भिंती आधीच कच्च्या होत्या.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोन मोसमांत एका सामन्याला सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास प्रेक्षक आले. अलीकडे ही सरासरी निम्म्याच्या आसपास आली आहे. थेट प्रक्षेपण पहिल्या दिवसापासून होतेच. तेव्हा गर्दी कमी झाली ती प्रक्षेपणाने असे म्हणता येत नाही. नवलाई ओसरल्यावर टिकून राहील असे नाते गावाशी आणि शाळा-महाविद्यालयांशी जोडले गेले की नाही, हे पाहिले पाहिजे. २०२५ मध्ये लीगच्या व्यापारी हक्कांच्या कराराची मुदत संपत आली आणि मोसमच लांबणीवर पडला. तिकिटाच्या खिडकीवर उभी नसलेली लीग कागदाच्या एका तुकड्यावर उभी असते, हे त्या वेळी दिसून आले.

याच्या उलट कोल्हापूर पाहावे. तेथील संघ तालमींचे आहेत: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवरचा सामना म्हणजे पेठापेठांतील इभ्रतीचा प्रश्न असतो. या सामन्यांचे थेट प्रक्षेपण आता मोबाइलवरही पाहायला मिळते. म्हणून स्टेडियमकडे जाणारी पावले थांबलेली नाहीत. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेला कोल्हापूरकर मात्र त्या प्रक्षेपणामुळे आपल्या पेठेशी जोडलेला राहतो. या गर्दीत कधीकधी हुल्लडही होते आणि तिला आवर घातला नाही तर काय होते, हे इंग्लंडच्या १९८५ च्या मोसमाने दाखविले आहे. तेव्हा संयोजकांनी काळजी करायची असेल तर ती कॅमेऱ्याची नको, हुल्लडीची करावी.

निर्बंधाचे काय करावे?

शनिवारच्या दुपारचा निर्बंध आता उठवावा, असे म्हणणारा पक्ष इंग्लंडात प्रबळ होत आहे. चोरट्या मार्गाने लोक सामने पाहतातच, मग कायद्याने का दाखवू नयेत, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यात तथ्य आहे. निर्बंधामुळे प्रामाणिक माणसाची अडचण होते आणि चोराचे फावते. तथापि २०२५ पासूनच्या करारानुसार प्रीमियर लीगच्या ३८० पैकी २७० सामने तेथे दाखविले जातात. आठवड्याचे उरलेले सर्व तास मोठ्या क्लबांना मोकळे असताना हे अडीच तासही त्यांना हवे आहेत, ही हाव आहे. जी वेळ दुर्बळांसाठी राखली आहे तिची राखण करण्यास फारसा खर्च येत नाही. ती एकदा गेली की परत मिळणार नाही. म्हणून बलाढ्यांसाठी हा निर्बंध ठेवावा, हेच इष्ट.

परंतु निर्बंध सरसकट असू नये. चौथ्या-पाचव्या श्रेणीतील क्लबाला आपला सामना, आपण ठरविलेल्या किमतीला, आपल्या चाहत्यांना इंटरनेटवरून दाखविण्याची मुभा असावी आणि त्याचे उत्पन्न यजमानाला मिळावे. वेल्समधील रेक्सहॅम क्लबाचे उदाहरण समोर आहे. २०२२ पासून त्या क्लबावरील मालिका इंटरनेटवरून जगभर पाहिली गेली. त्यामुळे मैदान ओस पडले नाही. तिकिटे मिळेनाशी झाली आणि २०२३ पासून लागोपाठ तीन वर्षे संघ वरच्या श्रेणीत गेला. चित्रपटनटांचे मालक प्रत्येक गावाला लाभत नाहीत हे खरे. पण पडदा ही भिंत असते तसेच दारही असू शकते, एवढे यातून कळते.

लाइव्ह स्ट्रीमिंगने मैदाने ओस पडतात काय, या प्रश्नाला म्हणून एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणाचा सामना, कोणत्या वेळी, कोणाच्या लाभासाठी दाखविला जातो यावर ते अवलंबून आहे. लहान क्लबाने स्वतःच्या चाहत्यांसाठी केलेले प्रक्षेपण त्याला जगवील. त्याच्या वेळेवर मोठ्याने केलेले प्रक्षेपण त्याला मारील. कायदा, लीग आणि वाहिन्या यांनी हा भेद ओळखून नियम केले पाहिजेत. मात्र नियमांनी दुपार राखता येते, माणसे आणता येत नाहीत. परवडणारे तिकीट, सुरक्षित जागा, घरी परतण्याजोगी वेळ आणि ‘हा आपला संघ’ म्हणावे असे नाते ज्या क्लबाने दिले, त्याचे मैदान कोणताही पडदा रिकामे करू शकलेला नाही. ज्याने ते दिले नाही, त्याचे मैदान पडद्याच्या आगमनापूर्वीच ओस पडू लागले होते.